पिंपल्सला अँटिबायोटिक का देतात? लाली उतरली की गोळ्या बंद करायच्या का?

तुमचा प्रश्न असा: पिंपल्स म्हणजे इन्फेक्शन नाही असं वाचलं, मग डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन का दिली? आणि दहा दिवसांत लाली बरीच उतरलीय, तर आता बंद करू का?

मी मेडिकलच्या काउंटरवर बसणारा फार्मासिस्ट. हा प्रश्न मला बहुतेकदा कॉलेजच्या पोरांच्या आया विचारतात. "एवढ्याशा पुटकुळ्यांना एवढं कडक औषध? गरम नाही का पडणार?"

आधी पुटकुळीच्या आत काय चालतं ते बघा. तेलाच्या ग्रंथीचं तोंड तेलाने आणि मेलेल्या पेशींनी बुजतं. आत क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचा जंतू असतो. तो काही बाहेरून आलेला नाही, पिंपल्स नसलेल्यांच्या चेहऱ्यावरही तो सुखाने नांदत असतो. पण बुजलेल्या, हवा नसलेल्या छिद्रात त्याचं फावतं. तो तेलातली चरबी फोडतो, त्यातून सुटणाऱ्या आम्लांनी आसपासची कातडी चिडते, आणि शरीर पांढऱ्या पेशींची फौज तिकडे धाडतं. तो लालपणा, तो ठणका, तो पू, हे मुख्यतः या फौजेचे प्रताप. जंतूपेक्षा मोडतोड आपल्याच माणसांची जास्त.

डॉक्सीसायक्लिन इथे दुहेरी काम करते. जंतूचं प्रथिनं बनवायचं यंत्र अडवते, त्यामुळे त्याची वाढ थांबते. हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरं काम कमी लोक सांगतात: ती पांढऱ्या पेशींचं धावून येणंच आवरते, सूज भडकवणारे रासायनिक निरोप कमी करते आणि कातडीचा सांगाडा कुरतडणारी एन्झाइम्स दाबते. हे जंतू मारण्यापेक्षा वेगळं काम आहे कशावरून? रोझेशिया या चेहरा लाल होण्याच्या विकारावर अमेरिकेत 2006 पासून हीच डॉक्सीसायक्लिन 40 मिलिग्रॅमच्या, सावकाश सुटणाऱ्या कॅप्सूलमध्ये मिळते. तेवढ्या डोसने जंतूंना धक्का लागत नाही, तरी पुटकुळ्या आणि सूज कमी होते.

आता तुमचं "बंद करू का". नको, निदान स्वतःच्या मनाने नको. लाली उतरली म्हणजे फौज शांत झाली, बुजलेलं तोंड अजून बुजलेलंच आहे. ते मोकळं करायचं काम अ‍ॅडापॅलीनसारख्या क्रीमचं, आणि त्याला दोन-तीन महिने लागतात. तोवर गोळी आग आटोक्यात ठेवते. चिठ्ठीत क्रीम किंवा बेन्झॉयल पेरॉक्साइडचं जेल नसेल, नुसतीच गोळी असेल, तर डॉक्टरांना जरूर विचारा. नुसत्या अँटिबायोटिकने जंतू निर्ढावतात.

उलट टोकाचं गिऱ्हाईकही मी रोज बघतो: वर्षापूर्वीची, घडीवर फाटलेली चिठ्ठी पुढे करून "तेवढी एक स्ट्रिप द्या". मी देत नाही, मग शिव्या खातो. साधारण तीन-चार महिन्यांत गोळी थांबवून पुढे क्रीमवर भागवायचं असतं.

गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि निदान अर्धा तास आडवं होऊ नका. हे मी गिऱ्हाइकांना घोकून सांगायचो आणि स्वतः एकदा रात्री घोटभर पाण्यावर कॅप्सूल टाकून झोपलो. ती अन्ननलिकेतच चिकटली. पुढचे चार दिवस वरणभातही छातीत चरचरत उतरायचा.

उन्हात कातडी लवकर भाजते, तेव्हा सनस्क्रीन लावा. गरोदर असाल किंवा आयसोट्रेटिनॉइन (पिंपल्सचंच दुसरं, पोटात घ्यायचं औषध) चालू असेल तर ही गोळी चालत नाही, डॉक्टरांना आधीच सांगा.

आणि बेन्झॉयल पेरॉक्साइड मिळालंच, तर उशीला पांढरा अभ्रा घाला, ते कापडाचा रंग उडवतं. आमच्या घरी मरून रंगाच्या अभ्र्यावर लेकीच्या गालाएवढा नारिंगी डाग पडलाय, बायको अजून साबणवाल्यालाच दोष देते.