मुलीचा मुडदूस व्हिटॅमिन डीने का हटत नाही? फॉस्फेट दिवसातून पाच वेळा द्यायलाच हवं का?

तुमची मुलगी तीन वर्षांची, 12 किलोची. पाय धनुष्यासारखे वाकलेत, व्हिटॅमिन डीचे सॅशे देऊन झाले, रक्तात फॉस्फेट फक्त 2.4 मिलिग्रॅम/डेसिलिटर, आणि तिच्या आईचे पायही लहानपणापासून वाकडे. पाच डोस सांभाळणं जड जातंय, दोनदाच दिलं तर चालेल का, असं विचारलंय.

नाही चालणार. हा मुडदूस ऊन कमी पडल्याचा नाही, तर एक्स-लिंक्ड हायपोफॉस्फेटेमिया (एक्सएलएच) या आनुवंशिक आजाराचा दिसतो. एक्स गुणसूत्रावरच्या फेक्स जनुकातल्या दोषामुळे हाडांतून एफजीएफ-23 हे संप्रेरक जास्त सुटतं. त्यामुळे किडनी फॉस्फेट लघवीवाटे सोडत राहते, शिवाय व्हिटॅमिन डीचं सक्रिय रूप पुरेसं बनत नाही. तोंडाने दिलेलं फॉस्फेट रक्तात तास-दोन तास चढतं आणि मग पुन्हा होतं तिथेच येतं. दोनच डोस दिले तर हाडांना दिवसाचा बराचसा वेळ उपास. उलट मोठा डोस एकदम गेला की पोट बिघडतं, जुलाब होतात.

साधारण डोस किलोमागे रोज 20 ते 60 मिलिग्रॅम. तुमच्या मुलीला 40 धरले तर 480, म्हणजे पाच वेळा 96. द्रावणात मिलीलीटरला 30 मिलिग्रॅम फॉस्फरस असेल तर दर वेळी 3 मिलीच्या किंचित वर. इथे एक घोळ नेहमी होतो: आकडा फॉस्फरसचा असतो, फॉस्फेटचा नाही. फॉस्फेटच्या वजनात फॉस्फरस जेमतेम एक तृतीयांश. दुकान किंवा कंपनी बदलली की लेबल वाचा. दूध किंवा कॅल्शियमसोबत देऊ नका, दोन्ही आतड्यातच एकमेकांना धरून बसतात. शेवटचा डोस झोपताना द्या.

नुसतं फॉस्फेट कधीच नको, पॅराथायरॉइड (कॅल्शियम सांभाळणारी मानेतली ग्रंथी) चवताळते. म्हणून सोबत सक्रिय व्हिटॅमिन डी, म्हणजे अल्फाकॅल्सिडॉल (किलोमागे रोज 30 ते 50 नॅनोग्रॅम) किंवा कॅल्सिट्रायॉल असतं. पण तेही जास्त झालं तर लघवीत कॅल्शियम वाढून किडनीत साचतं. एक अपवाद आहे: सुरुवातीलाच लघवीत कॅल्शियम जास्त निघालं तर आजार वेगळ्या जनुकाचा असू शकतो आणि त्यात सक्रिय व्हिटॅमिन डी देत नाहीत. ही तपासणी झाली नसेल तर डॉक्टरांकडे जरूर मागा.

रक्तातलं फॉस्फेट नॉर्मल आणण्याच्या मागे लागू नका. डोस वाढवत नेण्याची चूक तिथेच होते. दर तीन महिन्यांनी अल्कलाइन फॉस्फेटेस (मुडदुसात रक्तात वाढणारं हाडांचं एन्झाइम), पीटीएच (पॅराथायरॉइडचं संप्रेरक), कॅल्शियम, लघवीतलं कॅल्शियम आणि उंची बघा. किडनीची सोनोग्राफी अधूनमधून. फॉस्फेटेस उतरत असेल तर गाडी रुळावर आहे. पायांच्या ऑपरेशनची घाई मी तरी करणार नाही. औषध नीट चालू असेल तर या वयात पाय बऱ्यापैकी सरळ होतात.

बुरोसुमॅब हे एफजीएफ-23 अडवणारं इंजेक्शन अमेरिका-युरोपात 2018 मध्ये मंजूर झालं. मुलांना दर दोन आठवड्यांनी, किलोमागे 0.8 मिलिग्रॅमपासून. ते सुरू करण्याआधी तोंडाचं फॉस्फेट आणि सक्रिय व्हिटॅमिन डी बंद करतात. महाग खूप आहे.

आईचीही तपासणी करून घ्या. आईला असेल तर पुढच्या प्रत्येक बाळाला, मुलगा असो वा मुलगी, निम्मी शक्यता. जन्मल्यावर पहिले काही महिने फॉस्फेट नॉर्मल दिसू शकतं, तेव्हा एका रिपोर्टवर निर्धास्त होऊ नका. आणि न किडलेल्या दाताच्या मुळाशी गळू आलं तर डेंटिस्टला हा आजार आधीच सांगा.