मुलगी माजी सैनिकांशी बोलते, तिला थांबवू का?

"हिच्या वयाच्या मुली काय काय करतात, आणि ही युद्धाच्या गोष्टी गोळा करत बसते," मुलीला घेऊन माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या आईने बसताबसताच तक्रार मांडली. मुलगी १६ वर्षांची. लष्करातल्या नोकरीचा माणसावर काय परिणाम होतो, यावर तिचा गट पुस्तिका काढत होता. "उद्या मत द्यायचंय, तर युद्धाची किंमत आत्ताच कळायला नको का?" हा तिचा सवाल. मला तो रास्त वाटला. अडचण विषयाची नव्हतीच. रात्री उशिरापर्यंत इअरफोन लावून ती मुलाखती उतरवून काढायची आणि मग पहाटेपर्यंत डोळा लागायचा नाही.

तिची वही मागितली. पहिलाच प्रश्न: "तुम्ही कुणाला मारलंत का?"

"याचं उत्तर नक्की कुणाला हवंय?" मी विचारलं. ती गप्प झाली, मग तिनेच त्यावर काट मारली. त्याजागी आम्ही लिहिलं, "परत आल्यावर पहिले काही महिने कसे गेले?" बरेचदा खरी ओढाताण तिथेच होते. जी सावधगिरी युद्धाच्या आघाडीवर जीव वाचवते, तीच घरी गर्दीत, फटाक्याच्या आवाजात, दाराकडे पाठ करून बसताना माणसाला दमवते. आणि घरच्यांनाही.

वहीत एक पान जवळजवळ कोरं होतं. ते आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस होते, असं सांगणाऱ्या एका गृहस्थांचं. "ते विषयात बसत नव्हतं," ती म्हणाली. बसतं की! पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या ज्या मानसिक धक्क्याला 'शेलशॉक' म्हणत, त्याच्याशी नातं असलेला पीटीएसडी हा भयंकर अनुभवानंतर जडणारा मानसिक आजार १९८० साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आला. पण सैन्यात राहिलेल्या बहुतेकांना तो होत नाही. कुणाला सोबत्यांची उणीव छळते, कुणाला आपल्या हातून घडलेल्या किंवा रोखता न आलेल्या गोष्टीची टोचणी. कुणी शिस्त आणि आत्मविश्वास घेऊन परततो. हे सगळं पुस्तिकेत यायला हवं.

आईला सांगितलं, थांबवू नका. रेकॉर्डिंग दिवसाउजेडी ऐकू दे, मुलाखतीला एखादं मोठं माणूस सोबत असू दे, आणि समोरच्याला "हे नको" म्हणायची मुभा आधीच द्यायची. इतकं करूनही दोन आठवड्यांत झोप सुधारली नाही, किंवा ऐकलेले प्रसंग तिच्या स्वप्नात यायला लागले, तर काम बाजूला ठेवून माझ्याकडे या.

उठताना आईने हळूच विचारलं, "उद्या हीच सैन्यात जाते म्हणाली तर?"

"मी अजून ठरवलेलं नाही," मुलगी म्हणाली.

त्यासाठी दोघींना पुढच्या महिन्यातली वेळ दिली आहे.