फायबरग्लासची मोटरबोट निस्तेज, खडूसारखी पांढुरकी दिसू लागली आहे. चमक परत कशी आणावी?

आधी काळ्या कापडाने एक जागा घासून बघा. कापडावर पांढरी भुकटी आली, तर उन्हाने जेलकोटचा, म्हणजे फायबरग्लासवरच्या चमकदार लेपाचा, वरचा थर खराब झालाय. अशा थरावर नुसतं मेण लावलं तर चमक चार दिवसही टिकत नाही.

बोट पाण्याबाहेर काढून गोड्या पाण्याने भरपूर धुवा, मग बोटीसाठीचा सौम्य साबण वापरा. पूर्ण वाळली की सावलीत कामाला लागा. तापलेल्या पृष्ठभागावर कंपाउंड (खराब थर घासून काढणारी पेस्ट) लगेच सुकतं आणि डाग सोडतं.

खरी मेहनत कंपाउंडची. ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर (गोल फिरता फिरता डोलणारं पॉलिशचं मशीन) कमी वेगावर ठेवा, एका वेळी दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग घ्या आणि मशीन एका जागी थांबू देऊ नका. जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटरच जाड असतो, कडांवर त्याहून पातळ. एकदा घासून गेला की परत येत नाही, म्हणून आधी सौम्य कंपाउंडच वापरून बघा. त्यानंतर बारीक पॉलिश आणि शेवटी मेण. मेणाशिवाय थांबू नका, कारण उन्हापासून जेलकोटचं रक्षण तेच करतं.

पाय ठेवायच्या जागी मात्र मेण अजिबात नको, ओल्या डेकवर माणूस घसरून पडतो. तळाच्या अँटीफाउलिंग रंगालाही (शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून दिलेल्या रंगाला) पॉलिश करायचं नाही. तो कोरडा घासलात तर विषारी धूळ उडते.