होम थिएटरमध्ये आधी काय बदलू? रिसीव्हर तर नकोच

देवगडला नवं घर, १२ बाय १६ फुटांचा हॉल, दहा वर्षांचा ५.१ सेट (पाच स्पीकर, बास वाजवणारा एक सबवूफर आणि या सगळ्यांना आवाज वाटून देणारा रिसीव्हर), हातात ३५ हजार आणि 'ॲटमॉसवाला (डोक्यावरूनही आवाज ऐकवणारा) नवा रिसीव्हर घे, बाकीचं नंतर बघू' म्हणणारा एक मित्र. यातलं आधी काय बदलू, असं तुम्ही विचारलंय. खरी तक्रार मात्र तुम्ही अगदी शेवटच्या ओळीत लिहिलीय: संवाद कळत नाहीत म्हणून आवाज वाढवायचा, आणि मारामारी सुरू झाली की रिमोट शोधायला धावायचं.

ही तक्रार असेल तर रिसीव्हर आहे तिथे राहू द्या. पहिला संशय मधल्या स्पीकरवर, म्हणजे सेंटरवर घ्या. आणि तोही लगेच विकत घेऊ नका. आधी आहे तो बंद करून बघा. कसा, ते खाली सांगतो.

हे मी ४२ हजार घालवून शिकलोय. आमचं घर मालवणच्या जरा आत, जुनं, चिऱ्याचं, पुढे पडवी आणि वर कौलं. २०१९ साली चतुर्थीच्या तोंडावर मी मुंबईहून नवा रिसीव्हर उचलून आणला. जुन्याच्या दुप्पट वॅट, खोक्यावर डझनभर चिन्हं. घर चाकरमान्यांनी भरलेलं, आरत्या आटोपल्या, सगळ्यांसमोर मोठ्या ऐटीत सिनेमा लावला. दहा मिनिटं झाली नसतील, आई म्हणाली, "अरे, ही माणसां बोलतत काय ता आयकाक येना नाय, आनी गाडी फुटली की घर हालता." जुन्या रिसीव्हरवरही ती हेच म्हणायची. अगदी याच शब्दांत.

तिचं बरोबर होतं. वॅट दुप्पट झाले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, म्हणजे 'हां, थोडा वाढला वाटतं' इतकाच. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, त्यासाठी दहापट वॅट. आणि १२ बाय १६ च्या हॉलमध्ये रोजच्या आवाजात तुमचे स्पीकर बहुतेक वेळ एखाद-दोन वॅटवरच चालत असतात. मी पैसे दिले ते न लागणाऱ्या वॅटचे.

५.१ मध्ये पडद्यावरचं बहुतेक सगळं बोलणं सेंटरमधून येतं. डावा-उजवा संगीत सांभाळतात, मागचे दोन पाऊस-वारा, सबवूफर धडाम-धुडूम. आपल्या दशावतारात बघा, पेटी किंचित बेसूर लागली तरी लोक खपवून घेतात, पण राजाचं भाषण मागच्या चटईपर्यंत पोचलं नाही की लगेच 'माइक!' म्हणून ओरडा होतो. सिनेमातला तो राजा आपण सेटमधल्या सगळ्यात छोट्या, सगळ्यात स्वस्त डब्यात कोंबतो आणि वर त्याला शोकेसच्या कप्प्यात ढकलतो.

आता परीक्षा. दोन माणसं हळू बोलतायत आणि मागे संगीत किंवा पाऊस आहे असा एखादा प्रसंग निवडा. दोनदा ऐका. मग रिसीव्हरच्या स्पीकर सेटअपमध्ये जाऊन सेंटरसमोर 'नन' किंवा 'नो' निवडा. आता सेंटरचा आवाज डाव्या-उजव्यात वाटला जाईल, आणि बरोबर मधोमध बसलात तर बोलणं तरीही टीव्हीतूनच आल्यासारखं वाटेल. तोच प्रसंग पुन्हा लावा. बोलणं जास्त सुटं, जास्त स्वच्छ ऐकू आलं तर गुन्हेगार सापडला: एकतर सेंटर स्पीकर, नाहीतर त्याची जागा. काहीच फरक पडला नाही तर भानगड दुसरीकडे आहे, आणि नवा सेंटर आणूनही ती तशीच राहील.

माझ्याकडे ही परीक्षा भाच्याने केली, तीही गंमत म्हणून. आवाज इतका सुधारला की मीच ओशाळलो. मग टॉर्च घेऊन बघितलं. सेंटर टीव्हीखालच्या कप्प्यात वीतभर आत बसलेला, आणि त्याचं तोंड आमच्या गुडघ्यांकडे. असा कप्पा ढोलासारखा घुमतो आणि पुरुषांचे आवाज तर मडक्यात बोलल्यासारखे येतात. स्पीकर ओढून फळीच्या अगदी काठावर आणला, पुढच्या बाजूला पुठ्ठ्याच्या दोन घड्या सारून तोंड कानांकडे वर केलं. निम्मं दुखणं तिथेच गेलं. खर्च शून्य.

उरलेलं निम्मं जाळीच्या आत होतं. जाळी काढली आणि कोनभोवतीच्या (कोन म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा) फोमच्या कडेला नुसतं बोट लावलं, तर ओल्या बिस्किटासारखा तुकडा बोटालाच चिकटून आला. आपल्याकडची दमट हवा हा फोम काही वर्षांत भुसभुशीत करते. कडा रबराची असेल तर खूपच जास्त टिकते. तुमचा सेट दहा वर्षांचा आहे, तेव्हा सगळ्या स्पीकरांच्या आणि सबवूफरच्याही जाळ्या आजच काढून बघा. फोम गेला म्हणून स्पीकर टाकायचा नसतो. भजनी मंडळांचे आणि साउंडवाल्यांचे स्पीकर रिकोन करणारा, म्हणजे कोन नवा बसवणारा कारागीर आपल्याकडे बहुतेक मोठ्या बाजारपेठेत सापडतो, तो कडाही बदलून देतो. मात्र गणपती आणि शिमग्याच्या आधी जाऊ नका. त्या दिवसांत तो तुमच्याकडे बघणारसुद्धा नाही.

जाळ्या काढल्याच आहेत तर वायरीही बघून घ्या. माझा मागचा डावा स्पीकर वर्षभर कुजबुजत होता आणि मी त्याला 'सराउंडचा सूक्ष्म परिणाम' समजत होतो. स्क्रू सैल करून वायर ओढली तर तांबं हिरवंकाळं पडलेलं. खाऱ्या वाऱ्याची करणी. इंचभर कापून, नवं तांबं सोलून पुन्हा घट्ट बसवलं आणि स्पीकर बोलायला लागला. तेव्हाच प्लस-मायनस नीट लागलंय का तेही तपासा. एका स्पीकरचं उलटं असेल तर बास पातळ होतो आणि आवाज पोकळ वाटतो.

सेंटर बंद करूनही फरक पडला नाही तर दोन जागा बघायच्या. पहिली टीव्हीची सेटिंग. डिजिटल ऑडिओ आउटपुट 'पीसीएम'वर असेल तर पुष्कळ टीव्ही रिसीव्हरला फक्त दोन चॅनल पाठवतात, आणि तुम्ही पाच स्पीकर लावून स्टिरिओ ऐकत बसता. तिथे 'बिटस्ट्रीम' किंवा 'ऑटो' करा. दुसरी जागा म्हणजे खुद्द हॉल. मधे उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. टाळीमागून टण्ण असं शेपूट आलं तर तुमची खोलीच संवाद खातेय. नव्या घरात हे हमखास होतं: वर स्लॅब, खाली टाइल्स, गिलावा करून ऑइलपेंट मारलेल्या भिंती. आवाजाला हे सगळे आरसेच. आमच्या जुन्या घरात उघडा चिरा आणि कौलांखालचे वासे-रिपा आवाज थोडाफार विखरून टाकतात, तरी टाळीचं शेपूट येतंच.

यावर इंटरनेटवर भिंतीला फोमचे तक्ते आणि जमिनीवर जाड गालिचा सांगतात. आपल्याकडे जुलै संपेपर्यंत त्यांना बुरशी धरेल आणि हॉलला ओल्या पोत्याचा वास येईल. काढता, धुता, वाळवता येईल तेच घाला. सोफ्यापुढे जाड सतरंजी, खिडक्यांना चुण्यांचे जड पडदे, मागच्या भिंतीला पुस्तकांनी भरलेलं उघडं कपाट. माझ्याकडे मागच्या भिंतीवर आजीची गोधडी टांगलीय. पाहुण्यांना ती कला वाटते.

एवढं सगळं करून सेंटर कमीच पडला, तर मग नव्या सेंटरवर पैसे घाला. सेंटर घेताना तो तुमच्या पुढच्या डाव्या-उजव्याच्याच कंपनीचा आणि शक्यतो त्याच मालिकेतला घ्या, नाहीतर पडद्यावर चालत गेलेल्या माणसाचा आवाज वाटेत बदलतो. फोमऐवजी रबरी कडेचा. आणि घेण्याआधी सेटिंगमध्ये सेंटरची लेव्हल २-३ डेसिबल वाढवून बघा. कित्येक घरांत गोष्ट तिथेच मिटते.

दुसरा नंबर सबवूफरचा. पण त्याच्याही आधी रांगावं लागेल, आणि हे खरंच सांगतोय. १६ फूट म्हणजे ४.९ मीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, तेव्हा या लांबीत ३५ हर्ट्झच्या आसपासचा बास काही जागी फुगतो आणि काही जागी गायब होतो. १२ फुटांच्या बाजूने हाच खेळ ४७ हर्ट्झला. म्हणून एका खुर्चीवर घर हलतं आणि शेजारच्या खुर्चीवर काहीच नाही. उपाय असा, की सबवूफर उचलून तुमच्या बसायच्या जागी ठेवायचा, बासचं एखादं गाणं सतत लावायचं, आणि आपण भिंतीच्या कडेकडेने रांगत कान जमिनीजवळ ठेवून ऐकत जायचं. जिथे बास भरीव पण आटोपशीर वाटेल, ती सबवूफरची जागा. मी हे करत होतो तेव्हा आई दारात येऊन उभी. "काय पडला रे?" मी म्हटलं, "बास शोधतंय." ती न बोलता परत गेली.

जागा सापडली की सेटिंगमध्ये सगळे स्पीकर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे वळतो ती सीमा) ८० हर्ट्झवर ठेवा. स्पीकर चांगले मोठे असले तरीही. 'स्मॉल' म्हणजे कमीपणा नाही. खालचा भार सबवूफरवर टाकला की पुढचे स्पीकर मोकळे होतात आणि बोलणंही सुटं होतं. एवढ्यावरही बास पोकळच राहिला तर ८ इंचीच्या जागी १० किंवा १२ इंची सबवूफर घ्या.

आता मित्राचा ॲटमॉस. तुमचा हॉल स्लॅबचा आहे का ते तुम्ही लिहिलं नाही. वर उतरती कौलं असतील तर छताकडे आवाज फेकणारे स्पीकर विसरा. तो आवाज सपाट, कडक छतावर आपटून तुमच्यावर पडावा असा त्यांचा हिशोब असतो. उतरत्या छपरावरून तो भलतीकडेच जातो, फटींतून माळ्यावरच्या उंदरांना सराउंड मिळतो. स्लॅब असला तरी संवाद कळत नसताना डोक्यावर हेलिकॉप्टर फिरवून काय करायचं?

जुना रिसीव्हर फोर-के चित्र पुढे पाठवत नाही, हीही तक्रार असते. मग चित्र त्याच्यातून नेऊच नका. स्टिक किंवा बॉक्स सरळ टीव्हीला लावा आणि टीव्हीतून आवाज एआरसीने (एचडीएमआय वायरीतूनच आवाज उलटा पाठवणारी सोय) रिसीव्हरकडे आणा. एआरसी २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आहे, तुमच्या रिसीव्हरवर असण्याची शक्यता भरपूर. मागे एचडीएमआय आउटजवळ ARC ही तीन अक्षरं छापलेली असतील. नसली तर ऑप्टिकल वायर. डॉल्बी डिजिटल ५.१ त्यातूनही येतं.

रिसीव्हर बदलायचा तो मेला तर, किंवा त्याचा एखादा चॅनलच बसला तर. आणि आपल्याकडे तो मरतो बहुधा विजेने. मे-अखेरचा वळीव आणि ऑक्टोबरातला गडगडाट हे त्याचे यम. नुसता स्विच बंद करून भागत नाही, प्लग ओढून काढायचा, शिवाय डिशची केबलही सेट-टॉप बॉक्समधून काढायची. वीज त्या केबलवाटे बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयवाटे टीव्हीत आणि पुढे रिसीव्हरमध्ये शिरते. माझा ४२ हजारांचा तसाच गेला. प्लग काढला होता, केबल विसरलो होतो. सध्या जुनाच परत लावलाय, आणि आईची तक्रार नाही.

तेव्हा ३५ हजारांतले पहिले थोडे एका बऱ्या सर्ज प्रोटेक्टरवर (विजेचा अचानक उसळलेला दाब अडवणारं उपकरण) आणि घराच्या अर्थिंगवर घाला. नवं घर आहे, वायरमन अजून ओळखीचा असेल.

सेंटर बंद करून काय ऐकू आलं ते इथेच खाली लिहा. पुढच्या स्पीकरांचं मॉडेलही सांगा, त्यांच्या मागे चिकटवलेल्या पट्टीवर असतं. त्याच मालिकेतला सेंटर अजून मिळतो का, ते शोधून सांगतो.