वाचकांचे प्रश्न : स्वप्नं रंगीत की काळी-पांढरी?

प्रश्न : माझं वय 71. मला स्वप्नं जुन्या सिनेमासारखी काळी-पांढरीच पडतात. नातवाला सांगितलं तर हसतो, म्हणतो, असं कुणाला दिसतं का? डोळ्यांत किंवा मेंदूत काही बिघाड तर नसेल? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : बिघाड नाही. तुमच्या वयाच्या माणसांत हे बऱ्यापैकी आढळतं, आणि नातवाच्या वयाच्या मुलांत फारच क्वचित.

अमेरिकेत 1942 मध्ये मिडलटन यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना हेच विचारलं, तेव्हा दहातल्या सात जणांनी सांगितलं की स्वप्नात रंग क्वचित दिसतो किंवा दिसतच नाही. साठेक वर्षांनी श्विट्झगेबल यांनी तोच प्रश्न तशाच विद्यार्थ्यांपुढे ठेवला, तर असं म्हणणारे शंभरात जेमतेम अठरा निघाले. एवढ्या काळात माणसाचा मेंदू काही बदलत नाही. बदलला तो सिनेमा-टीव्हीचा पडदा.

स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात इव्हा मर्झिन यांनी 2008 मध्ये याची वयानुसार फोड केली. पंचविशीच्या आतल्यांची 4.4 टक्केच स्वप्नं काळी-पांढरी होती. पंचावन्नच्या पुढच्या ज्या लोकांनी लहानपणी फक्त काळा-पांढरा पडदा पाहिला होता, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे 25 टक्के निघालं. वय तेच, पण लहानपणी रंगीत पडदा पाहिलेला, अशांत ते 7.3 टक्के होतं. म्हणजे नुसत्या वयाचा हा परिणाम नव्हे.

आता आपला हिशोब मांडा. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि दूरदर्शनला रंग आला 1982 मध्ये. तोवर तुम्ही तिशीकडे झुकला होता. त्र्यंबकला जन्मलेल्या फाळक्यांनी 1913 मध्ये जे हलतं चित्र दाखवलं ते बिनरंगी होतं, आणि पुढची कितीतरी वर्षं पडदा तसाच राहिला. सिनेमा येण्याआधीच्या लिखाणात स्वप्नं बेरंग असल्याचा उल्लेख सहसा सापडत नाही, तेव्हा थोडा दोष आपल्याच गाववाल्याला द्यायला हरकत नाही!

एक मात्र लक्षात ठेवा. जागेपणी रंग फिके किंवा पिवळट दिसू लागले तर मोतीबिंदू तपासून घ्या. रंग एकाएकी ओळखू येईनासे झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मेंदूचा रंग ओळखणारा भाग दुखावला तरी असं होतं.

प्रश्न : मग नक्की काय बदललं, स्वप्नं की आपलं सांगणं? (गंगापूर रोड)

उत्तर : वाद इथेच आहे. 1962 मध्ये डिमेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या माणसांना ऐन स्वप्नाच्या वेळी उठवून लगेच विचारलं. सुमारे 70 टक्के स्वप्नांत माणसांनी आपणहून रंग सांगितला, आणि खोदून विचारल्यावर हा आकडा 83 टक्क्यांच्या आसपास गेला. हा काळ काळ्या-पांढऱ्या टीव्हीचा होता, हे विसरू नका. म्हणजे सकाळी चहा घेताना आठवलेलं बेरंग स्वप्न रात्री रंगीत असू शकतं. मर्झिन यांनी मात्र प्रश्नावलीबरोबर रोजच्या नोंदीही घेतल्या आणि दोन्हींचा मेळ बसला. त्यामुळे सगळं खापर विसरण्यावर फोडता येत नाही. आमचा कल असा : बहुतेक स्वप्नांत रंग असतोच, पण आपण त्याची दखल घेत नाही आणि नंतर ती जागा सवयीच्या चित्राने भरून काढतो.

दिवसा पाहिलेला रंग रात्री उतरतो याचा पुरावा आहे. 1978 मध्ये रॉफवर्ग यांनी लोकांना काही दिवस लाल काचांचे चष्मे घालायला लावले, तर त्यांच्या स्वप्नांवरही लालसर छटा चढली. मनी वसे ते स्वप्नी दिसे, दुसरं काय.

प्रश्न : घरच्या घरी तपासता येईल का? (इंदिरानगर)

उत्तर : येईल, पण घाई केली की निकाल चुकतो. झोपेचं एक आवर्तन साधारण 90 मिनिटांचं असतं. त्याच्या शेवटी पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात आणि ठळक स्वप्नं बहुतेक तेव्हाच पडतात. पहाटेकडे हा टप्पा लांबत जातो. म्हणून झोप लागल्यापासून सहा तासांनी गजर लावा. साडेदहाला झोप लागत असेल तर साडेचारचा. आठवड्यातून दोनदा पुरे, रोज झोपमोड करू नका.

जाग आल्यावर कूस बदलू नका, डोळे उघडू नका. शेवटचं दृश्य धरून मागे मागे जा. मग उशाशी ठेवलेल्या वहीत पेन्सिलीने लिहा. आडवं पडून पेन धड चालत नाही. गजर बंद करताना मोबाइलचे मेसेज पाहिलेत तर स्वप्न गेलंच म्हणून समजा.

वहीत तीन रकाने आखा : 'रंग दिसला', 'रंग नव्हता हे नक्की आठवतं', आणि 'आठवत नाही'. तिसरा रकाना नसेल तर माणूस अंदाजाने पहिल्या दोनांपैकी एकात खूण करतो, आणि सगळी गडबड तिथेच होते.

दुसरी चूक ठरलेल्या रंगांची. स्वप्नात झेंडूचा हार दिसला की आपण डोळे झाकून 'केशरी' लिहितो, कारण झेंडू केशरी असतो हे ठाऊक असतं. तो पाहिलेला रंग नव्हे. ज्या वस्तूला ठरलेला रंग नाही ती पकडा : दारावरचा पडदा, भिंत, समोरून आलेली स्कूटर, मावशीच्या साडीचे काठ. काठ हिरवे होते असं छातीठोक सांगता आलं तरच पहिल्या रकान्यात लिहा. घरच्यांना विचारतानाही 'कुठला रंग होता?' असं विचारू नका, 'काय काय दिसलं?' एवढंच विचारा. दहा-बारा नोंदी होईपर्यंत निष्कर्ष काढू नका.

प्रश्न : मी सातपूरला रात्रपाळी करतो. मला स्वप्नंच पडत नाहीत. (सिडको)

उत्तर : पडतात, आठवत नाहीत. सकाळी आठला झोपून बाराला भाजीवाल्याच्या हाळीने उठलात तर झोपेचा शेवटचा, स्वप्नांचा भाग कापला जातो. जाड पडदे, कानात बोळे, आणि सलग सहा-सात तास. झोपण्याआधी दारू घेत असाल तर झोपेच्या पूर्वार्धातली स्वप्नंही दबतात.

प्रश्न : माझ्या भाच्याला लाल-हिरवा ओळखू येत नाही. त्याची स्वप्नं बेरंग असतील? (ओझर)

उत्तर : नाही. जागेपणी त्याला जे रंग दिसतात तेच स्वप्नात दिसतील. जन्मांध व्यक्तींच्या स्वप्नात मात्र दृश्यं नसतात. आवाज, स्पर्श, वास, चव असते. साधारण सात वर्षांच्या वयानंतर दृष्टी गेलेल्यांना स्वप्नात बरेचदा दिसत राहतं.

प्रश्न : रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यापासून फार भडक, भीतीदायक स्वप्नं पडतात. गोळीमुळे असेल का? (नाशिकरोड)

उत्तर : असू शकतं. प्रोप्रॅनोलॉल, मेटोप्रोलॉल या गटातल्या औषधांनी काहींना असं होतं. गोळी मनाने बंद करू नका, एकदम थांबवल्यास हृदयाला धोका असतो. गोळी कधीपासून घेता, दिवसात कुठल्या वेळी घेता आणि स्वप्नं कुठल्या तारखांना पडली, हे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. वेळ किंवा औषध बदलायचं का ते तेच ठरवतील.