नाताळचं सँडविच: मांसाला जॅम का लावतात आणि शाकाहाऱ्यांनी काय करावं

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. मुलीच्या वर्गाची नाताळची पार्टी आहे आणि पालकांच्या यादीत माझ्या नावापुढे 'सँडविच' आलंय. मुलीला दुकानात मिळतं तसलंच 'ख्रिसमस सँडविच' हवंय. मी आणि नवरा चिकन-अंडी खातो, पोर्क-बीफ नाही. सासूबाई साताऱ्याहून आल्या आहेत, त्यांना अंडंही चालत नाही. त्यांनी परवा दुकानातलं एक सँडविच उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, "मांसाला जॅम कोण लावतं गं?" शाळेत काय द्यावं, घरी काय करावं, आणि या सँडविचमध्ये एवढं आहे तरी काय?

उत्तर: सासूबाईंनी नेमका मुद्दा धरलाय, तेव्हा आधी त्यांचं समाधान करू.

इंग्लंडमध्ये २५ डिसेंबरला दुपारी जे ताट वाढतात त्यात भाजलेली टर्की, सेज नावाचा पाला आणि कांदा घातलेलं पावाच्या चुऱ्याचं स्टफिंग, भाजलेले बटाटे, पार्सनिप (गाजरासारखं पांढरं कंद), ब्रसेल्स स्प्राउट (चिमुकले कोबी), ग्रेव्ही आणि क्रॅनबेरी या लाल फळाचा आंबटगोड सॉस असतो. टर्की हा पक्षी अवाढव्य, एका जेवणात क्वचितच संपतो. मग २६ तारखेला, म्हणजे बॉक्सिंग डेला, उरलेलं सगळं दोन पावांमध्ये घालून खायचं. आपल्या फोडणीच्या पोळीसारखंच हे; काही घरांत तर मुद्दाम जास्तीचं करून ठेवतात. मार्क्स अँड स्पेन्सर या इथल्या दुकानसाखळीने १९८० साली तयार सँडविचं पाकिटात विकायला सुरुवात केली, पुढे सगळ्यांनीच ती विकली, आणि आता नोव्हेंबर उजाडला की दुकानांच्या फळ्यांवर नाताळची सँडविचं मांडलेली असतात. जेवण व्हायला अजून सात-आठ आठवडे आहेत, पण त्यातलं उरलेलं मात्र आधीच विकायला आलंय! इंग्रजांना यात काही वावगं वाटत नाही.

आता जॅम, म्हणजे तो क्रॅनबेरीचा सॉस. टर्कीच्या छातीच्या मांसात चरबी फार कमी असते. ते गरम असतानाही कोरडं लागतं, गार झाल्यावर तर घास तोंडात फिरत राहतो. त्यातून सँडविच खायचं फ्रीजमधून काढून, आणि गार पदार्थात जिभेला गोडाची चव मंद लागते. म्हणून काहीतरी झणझणीत आंबट हवंच. क्रॅनबेरी नुसती खाल्ली तर डोळे मिटतात इतकी आंबट, साखर घातली की ती ताळ्यावर येते. भेळेत चिंच-गुळाची चटणी जे काम करते तेच इथे हा सॉस करतो. सासूबाईंना एवढं सांगा, त्यांना पटेल. खावंसं वाटेल की नाही, तो भाग वेगळा.

खरं सांगायचं तर दुकानातली बहुतेक नाताळची सँडविचं मला आवडत नाहीत, आणि त्याला कारण चव नाही. त्यात सगळंच मऊ असतं. मऊ पाव, मऊ मांस, मऊ स्टफिंग, वर मेयोनेज. कुठे दाताखाली कुरकुरीत काही येतच नाही. त्यात स्टफिंग म्हणजे मुळात पावच, त्याचा अर्धा इंच थर घातला की पावात पाव भरून खाल्ल्यासारखं होतं. तुम्ही घरी करणार असाल तर हाच दोष आधी काढा. कोरडा तळलेला कांदा घाला, आपण बिर्याणीवर घालतो तसा. किंवा दुकानातले तयार कुरकुरीत कांद्याचे डबे मिळतात ते घ्या, फक्त त्यांना बहुधा गव्हाचं पीठ लावलेलं असतं हे ध्यानात असू द्या.

दुसरी युक्ती ब्रसेल्स स्प्राउटची. हे चिमुकले कोबी आपल्याकडच्या मंडळींना आवडत नाहीत, कारण ते इथे उकडून गाळ करून वाढतात. उकडूच नका. धारदार सुरीने अगदी बारीक चिरा, मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, पिळून पाणी काढा, मग लिंबू, चिमूटभर साखर आणि बारीक हिरवी मिरची. झाली कोबीची पचडी! सँडविचमध्ये ही हिरवी, आंबट, कचकचीत पचडी टर्कीलाही चालते आणि शाकाहारी सारणालाही. नाताळचा मूळ जिन्नस तोच राहतो, हात मात्र आपला लागतो.

क्रॅनबेरी सॉस बाटलीतला घेतलात तरी बिघडत नाही, पण तो बहुधा नको इतका गोड असतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ताज्या क्रॅनबेरीच्या पिशव्या मिळतात. ३०० ग्रॅम क्रॅनबेरी, १०० ग्रॅम साखर आणि एका मोठ्या संत्र्याचा रस, एवढंच पातेल्यात घालून फळं फुटेपर्यंत दहा-बारा मिनिटं शिजवा. पातळ दिसलं म्हणून आटवत बसू नका. या फळात पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा घटक, भरपूर; गार झालं की आपोआप घट्ट होतं. किसलेलं आलं आणि किंचित लाल तिखट घातलंत तर सासूबाईंचा विरोध निम्मा मावळेल. लावायचा मात्र एकाच स्लाइसला आणि पातळ. दोन्हीकडे लावला की खरोखरच जॅमपाव होतो.

बांधणीत लोक घाई करतात. मऊ झालेलं खारं लोणी दोन्ही स्लाइसना पार कडेपर्यंत लावा. लोण्याचा थर नसेल तर सॉसचं आणि पचडीचं पाणी पावात उतरतं आणि तासाभरात सगळं लिबलिबीत होतं. टर्की असेल तर जाड काप नकोत. बोटांनी तोडून, चमचाभर ग्रेव्हीत किंवा मेयोनेजमध्ये कालवून घ्या. पाव जाड कापाचा हवा. मला धान्याचा पाव आवडतो, पण मुलं पांढराच मागतात आणि त्यात त्यांचं फार चुकत नाही.

तुम्ही पोर्क खात नाही, म्हणून एक गोष्ट बजावून सांगते. पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'टर्की' लिहिलेलं असतं, पण पुष्कळदा आत बेकन असतं आणि स्टफिंगमध्ये डुकराच्या मांसाचा सॉसेज-खिमा असतो. 'पिग्ज इन ब्लँकेट्स' हे तर सरळ सरळ बेकनमध्ये गुंडाळलेलं सॉसेज. टर्की म्हणजे चिकनसारखंच, चालेल, असं समजून कितीतरी मराठी माणसं ऑफिसात ते खाऊन मोकळी होतात. मागची बारीक अक्षरं वाचा. स्टफिंगचं कोरडं पाकीट आणून घरी भिजवणार असाल तर सेज-कांद्याची बरीच पाकिटं बिनमांसाची असतात, पण शाकाहारी खूण बघूनच घ्या. ऑफिसची नाताळची जेवणं हटकून गुरुवारी येतात हेही मी पाहिलंय, आणि तेव्हा आपला मार्गशीर्ष चालू असतो. ज्यांच्याकडे मार्गशीर्षातले गुरुवार पाळतात त्यांनी मेन्यूची निवड कळवण्याआधी कॅलेंडर उघडलेलं बरं.

सासूबाईंसाठी वेगळं सारण करायचं तर पनीरच्या मागे लागू नका. गार पनीर रबरासारखं लागतं आणि क्रॅनबेरीशी त्याचं जमत नाही. त्यापेक्षा चेस्टनट घ्या, शिंगाड्यासारखं पिठूळ फळ. शिजवून सोललेले चेस्टनट हवाबंद पाकिटात मिळतात, इथल्या नाताळात ते हमखास असतात. लोण्यावर कांदा आणि मश्रूम पाणी पूर्ण आटेपर्यंत परता, त्यात सेजची दोन-तीनच पानं कुरकुरीत करून घाला. जास्त घातलीत तर काढ्याचा वास येईल. मग कुस्करलेले चेस्टनट, पावाचा चुरा, मीठ, मिरी. बांधणीला अंडं नको, एक उकडलेला बटाटा कुस्करून घाला. वडीसारखं थापून ओव्हनमध्ये भाजा, गार झालं की पातळ काप काढा. त्यावर क्रॅनबेरी, पचडी, तळलेला कांदा. मुंबईच्या सँडविचवाल्याकडे उकडलेला बटाटा आणि बीट खाल्लेल्या माणसाला हे परकं वाटणार नाही. मेयोनेजमध्ये अंडं असतं, तेव्हा त्यांच्या वाट्याला व्हीगन मेयो किंवा नुसतं लोणी.

चीज घालणार असाल तर आणखी एक गोम आहे. इथे ब्री आणि क्रॅनबेरीचं सँडविच शाकाहारी म्हणून खपतं, पण पारंपरिक ब्री हे मऊ चीज वासराच्या पोटातल्या रेनेट नावाच्या विरजणाने बनवतात, आणि अस्सल पार्मेजान तर नेहमीच. शाकाहारी रेनेटचं ब्री आणि चेडर मिळतं, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही नावाचे मासे असतात, तो स्टफिंगमध्ये सहज टाकू नका.

आता शाळा. आधी वर्गशिक्षिकेला विचारा की घरचं केलेलं चालतं का. पुष्कळ शाळा फक्त दुकानातलं पाकीटबंदच घेतात, आणि बऱ्याच शाळांत दाणे-बदाम-काजू यांना पूर्ण मज्जाव असतो. चालत असेल तर टर्कीच्या भानगडीत पडू नका. वर्गात हलाल खाणारी मुलं असतील, शाकाहारी असतील, आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना सेज तसाही आवडत नाही. शाकाहारी चेडर, काकडी, क्रॅनबेरीची एक पुसट रेघ, आणि चांदणीच्या साच्याने कापलेला पाव, एवढं पुरे. निम्मी सँडविचं नुसत्या चीज-काकडीची ठेवा. ती आधी संपतील. ८०० ग्रॅमच्या मध्यम कापाच्या पावात साधारण २० स्लाइस निघतात, म्हणजे दहा सँडविचं किंवा चाळीस त्रिकोण. चांदण्या कापल्यात तर कडा बऱ्याच वाया जातात, पाव एक जास्तीचा घ्या आणि कडांचा चुरा स्टफिंगला वापरा.

इथे आपला स्वयंपाकाचा हात जरा आवरायला लागतो. ब्रिटनमध्ये अॅलर्जी आणणाऱ्या १४ पदार्थांची अधिकृत यादी आहे. त्यात दूध, अंडं, गहू, शेंगदाणे, सोया तर आहेतच, पण तीळ आणि मोहरीही आहे. आपण पचडीवर सहज मोहरीची फोडणी ओततो, चटणीत दाण्याचा कूट घालतो, तीळ भुरभुरतो, आणि हिंगाच्या डबीत बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. यातलं काही आपल्या डोक्यात 'जिन्नस' म्हणून येतच नाही. लंडनमधल्या नताशा एडनन-लपरूज या पंधरा वर्षांच्या मुलीचा २०१६ साली बागेटमधल्या (लांबट फ्रेंच पावाच्या सँडविचमधल्या) तिळाने मृत्यू झाला. पावाच्या पिठातच तीळ होते आणि पाकिटावर त्याचा उल्लेख नव्हता. १ ऑक्टोबर २०२१ पासून दुकानांनी जागेवर बांधून ठेवलेल्या अशा खाण्यावरही सगळे घटक छापणं बंधनकारक झालं ते तिच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यामुळे. शाळेच्या पार्टीला आईने दिलेला डबा या कायद्यात बसत नाही, तरीही डब्यावर घटकांची चिठ्ठी लावा. पावाच्या पाकिटावरचे घटकही त्यात उतरवा, कारण इथल्या पावात पुष्कळदा सोयाचं पीठ असतं.

सारणं आदल्या रात्री करा, सँडविचं सकाळी बांधा. बांधलेली सँडविचं रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली तर पाव वाळतो. फ्रीजच्या थंडीत पाव बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. सकाळी बांधून वर ओलसर पिळलेलं फडकं टाका, बस.

घरी २५ तारखेला टर्की आणणार असाल तर उरलेली दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवी आणि दोन दिवसांत संपायला हवी. "थंडीच आहे, राहील बाहेर" हे आपल्या घरांत फार ऐकू येतं. खिडकीबाहेर असेल थंडी, हीटिंग लावलेल्या स्वयंपाकघरात नसते. आणि पाव, लोणी, दूध २४ तारखेलाच आणून ठेवा. २००४ च्या कायद्यानुसार इंग्लंड-वेल्समधली मोठी दुकानं नाताळच्या दिवशी उघडता येत नाहीत. रेल्वेही जवळपास पूर्ण बंद असते, त्यामुळे लंडनहून कोणी पाहुणे येणार असतील तर त्यांना आदल्या दिवशीच बोलवा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण दुसऱ्या एका पत्रात 'हा सण आपला नाही, मग हा खटाटोप कशाला' असा सूर होता, म्हणून जाता जाता. वसईत आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या ख्रिस्ती घरांत नाताळ मराठीच्याच बोलींमधून साजरा होतो. त्यांच्याकडे फुगे (पिठाचे गोल गोळे) तळतात आणि पोर्कचं इंदियाल करतात, गोव्यात पोर्कचंच सोरपोतेल आणि सोबत सान्नां, म्हणजे वाफवलेल्या तांदळाच्या इडल्या. व्हिनेगर घातलेलं हे मांस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त मुरतं, आणि ते पावात घालून खाल्लेल्या माणसाला टर्कीचं सँडविच फिकंच वाटेल. तुमच्या शहरात वसईचं किंवा गोव्याचं कुणी ओळखीचं असेल तर नाताळात त्यांच्या घरी जरूर जा. पोर्क चालत नाही हे आधी सांगितलंत तर ते चिकनचं काहीतरी करतीलच.

सासूबाईंबद्दल शेवटचं. सँडविच झाल्यावर कुणीतरी त्यांच्यापुढे मिन्स पाय, म्हणजे नाताळची छोटी गोड पाय, धरणारच. नाव खिम्याचं असलं तरी आत मनुका, संत्र्या-लिंबाची सालं आणि मसाले असतात, हे तुम्ही त्यांना सांगालही. पण त्याच्या सारणात पूर्वापार बैलाच्या चरबीचं सुएट घालत आले आहेत. आता बरेच जण वनस्पतीचं वापरतात, सगळे नाही. खोका पालथा करून वाचा, मगच पुढे करा.