हिवाळ्याआधी ये

डिसेंबर आला की पत्रं, मेसेज सगळे प्रवासाबद्दलच येतात. कुठे जायचं, किती दिवस, कोणाकडे आधी. या वेळी तीन घेतोय, पहिल्याला जरा जास्त जागा दिली आहे कारण असं पत्र एकाच घरातून आलेलं नाही.

प्रश्न: पास्टर, सलाम. मी पिंपरीला कंपनीत आहे. पप्पा श्रीरामपूरजवळ गावी एकटेच असतात, मम्मी प्रभूकडे गेली तेव्हापासून. नाताळला येतो म्हटलं की म्हणतात, थंडी फार आहे, रस्ता खराब, पोरांना कशाला त्रास, माझा प्रभू आहे ना माझ्याजवळ. मिसेसचं माहेर मिरजेला, तिला या वर्षी तिकडे जायचंय. पप्पांचा विश्वास खरंच दांडगा आहे, मग त्यांचं ऐकून नाही गेलो तर चालेल का? (एक वाचक, पिंपरी)

उत्तर: सलाम भाऊ. पप्पांचा विश्वास दांडगा आहे हे मी मानतो, पण त्यांच्या त्या वाक्यातून "तू येऊ नको" असं तुम्ही काढू नका.

बायबलमध्ये प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा चौथा अध्याय काढा आणि सावकाश वाचा. पौल रोममध्ये कैदेत आहे, वय झालंय, सोबती देमास सोडून गेलाय, जवळ फक्त लूक आहे. त्याच अध्यायात तो लिहितो की सगळ्यांनी मला सोडलं पण प्रभू माझ्याजवळ उभा राहिला. म्हणजे तुमचे पप्पा जे म्हणतात तेच. आणि तरीही तोच पौल तीमथ्याला सांगतो की लवकर ये, मार्कला घेऊन ये, त्रोवसला कार्पाकडे माझा झगा राहिलाय तो आण, पुस्तकं आण, आणि शेवटी परत एकदा, हिवाळ्याआधी ये. त्या काळी थंडीत भूमध्य समुद्रातली जहाजं जवळजवळ बंदच असायची, हिवाळा लागला की पुढचे कित्येक महिने येणंच नाही, म्हणून ही घाई. एवढा मोठा प्रेषित, प्रभू शेजारी उभा आहे हे अनुभवलेला, पण मला थंडी वाजते आणि मला माणूस हवंय हे सांगायला तो लाजला नाही. प्रभू जवळ असणं आणि मुलगा जवळ असणं यात एक असलं की दुसरं नको असा हिशोब बायबलमध्ये मला कुठे सापडत नाही.

फरक एवढाच की पौल बोलला, आपले वडील बोलत नाहीत. नगर जिल्ह्यातल्या त्या पिढीचे किती बाप मी पाहिलेत, पोराला ये म्हणणार नाहीत, पण रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या दारात उभं राहून दुसऱ्यांच्या नातवंडांना खाऊ देत बसतील. म्हणून शब्दांवर जाऊ नका, घरात जाऊन बघा, स्वेटर धड आहे का, पांघरूण पुरेसं आहे का, गोळ्या वेळेवर घेतात का, रात्री चूल पेटते की चहा-बिस्किटावर झोपतात.

आता मिसेसचं. तिचं माहेरही तिचंच आहे, तिथेही कोणीतरी वाट बघतंय, तिला "या वर्षी नको" म्हणू नका. 25 तारीख मिरजेला करा, काही बिघडत नाही. पण त्याआधी, आगमनकाळातला (नाताळाआधीच्या चार आठवड्यांतला) एखादा शनिवार-रविवार धरून पप्पांकडे जा आणि पोरांना नक्की न्या. गावातल्या कॅरल राउंडची तारीख पप्पांना विचारून ठेवा, पेटी-ढोलकी घेऊन घरोघर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणत फिरायचं, कोणाच्या तरी अंगणात शेकोटीपाशी चहा प्यायचा, हे पोरांना पुण्यात मिळणार नाही. आणि पप्पांची तब्येत बरी असेल तर 25 ला त्यांनाही मिरजेला घेऊन जायला काय हरकत आहे? सासुरवाडीला फोन तुम्ही करू नका, मिसेसलाच करू द्या.

प्रश्न: सासरे 78 वर्षांचे आहेत, वॉचनाइट (31 डिसेंबरच्या रात्रीची उपासना) त्यांनी कधी चुकवली नाही. चर्च आमच्या मळ्यापासून लांब, रात्री मोटारसायकलवर मागे बसून जायचा हट्ट करतात. नाही म्हटलं तर विश्वासात कमी पडतो असं त्यांना वाटतं. (एक सूनबाई, राहुरी तालुका)

उत्तर: ताई, मोटारसायकलवर अजिबात नेऊ नका. 31 च्या रात्री रस्त्यावर पिऊन चालवणारे असतात, आणि त्यात हंगाम चालू, उसाने भरलेल्या ट्रॉल्या, मागे रिफ्लेक्टर नाही की लाइट नाही, अंधारात दहा फुटांवर येईपर्यंत दिसत नाहीत. मंडळीत कोणाकडे तरी चारचाकी असतेच, सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा, तेही नाही जमलं तर तुमच्या पाळकसाहेबांना 1 तारखेला दुपारी मळ्यावर प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरस) घेऊन बोलवा. सासऱ्यांना माझ्याकडून सलाम सांगा आणि हेही सांगा की घरी घेतलेलं प्रभुभोजन कमी दर्जाचं नसतं.

प्रश्न: आमच्या छोट्या मंडळीतली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ती मार्चशिवाय येत नाहीत. नाताळला चर्च अर्धं रिकामं. कार्यक्रम साधाच करावा का? (एक शिक्षिका, पाथर्डी तालुका)

उत्तर: बाई, चर्चमधला कार्यक्रम साधा करा आणि वाचलेले पैसे घेऊन त्यांच्याकडे जा. मी हे मनापासून सांगतोय. 1831 ला अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणं केलं, तेव्हापासून या जिल्ह्यातल्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्या थंडीच्या दिवसांत तंबू घेऊन गावोगाव फिरणाऱ्या लोकांमुळे. माणसं जिथे आहेत तिथे जायचं हीच आपली रीत होती, आता माणसं साखर कारखान्याच्या तळावर कोप्यांमध्ये (झोपड्यांमध्ये) आहेत तर उपासना तिथे.

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पौलाचं जहाज थंडीत फुटतं, 276 माणसं भिजून मलिता (माल्टा) बेटावर लागतात आणि तिथले अनोळखी लोक आधी काय करतात तर पाऊस आणि गारठा आहे म्हणून शेकोटी पेटवतात. नाव-गाव नंतर. तुम्हीही भाषणं नंतर ठेवा. पोरांना स्वेटर, कानटोप्या, म्हाताऱ्यांना ब्लँकेट, थोडा फराळ, आणि जाताना टोळीतल्या सगळ्यांसाठी न्या, फक्त आपल्या लोकांसाठी नाही, तळावर शेजारच्या कोपीत बघत बसलेलं पोर कोणत्या धर्माचं आहे हे विचारायची ही वेळ नाही.

एक मात्र सांभाळा. 25 तारखेला खाडा करा असं त्यांना सांगू नका. खाडा झाला की पैसे कापले जातात आणि उचल, म्हणजे आधी घेतलेली आगाऊ रक्कम, तशीच अंगावर राहते. मुकादमाशी आधी बोला, गाडी भरून कारखान्याला गेली की मग संध्याकाळी तासभर बसा, दोन भजनं, लूकचा दुसरा अध्याय (येशूच्या जन्माचा), प्रार्थना, जेवण. पहाटे परत फडात जायचं असतं त्यांना, तेव्हा आठच्या पुढे लांबवू नका.